चांगलीच लागली

गाडी गेल्यावर पस्तीस मिनिटांनी मिस्त्रीला पिन सापडली.

ती एका बरणीच्या झाकणात होती. झाकण टेबलावर, पकडीच्या शेजारी होतं. काल संध्याकाळी त्यानंच ते तिथं ठेवलं होतं. पिन नवी होती. तिचे दोन्ही पाय सरळ आणि एकमेकांना चिकटलेले होते.

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये एक नियम होता: काढलेली पिन परत घालायची नाही. एकदा वाकवून सरळ केलेलं लोखंड वरून धड दिसतं, पण आतून मोडलेलं असतं, असं तो म्हणायचा. म्हणून जुनी पिन काढली की ती पकडीनं तोडून भंगाराच्या डब्यात टाकायची आणि पाकिटातून नवी एकच पिन काढून झाकणात ठेवायची. काम संपलं की झाकण रिकामं असलं पाहिजे.

त्यानं भंगाराचा डबा टेबलावर उलटा केला. जुन्या पिनेचे दोन तुकडे सापडले. मग पाकीट पाहिलं. बाराची पिशवी होती, आत अकरा होत्या. बारावी त्याच्या चिमटीत होती.

ती कुठली, हे त्याला आठवावं लागलं नाही. गेले आठ दिवस गॅरेजमध्ये एकच मोठं काम होतं: मुख्याध्यापक बाईंची फिकट हिरवी गाडी. गाडीचं वय पन्नासच्या पुढं. बाईंच्या यजमानांची होती. ते गेल्यावर बाईंनी ती विकली नाही आणि स्वतः चालवलीही नाही. मिस्त्रीची थोरली बहीण चालवायची. ताई सव्वीस वर्षं बाईंच्या शाळेची बस चालवत होती. आता दोघीही निवृत्त होत्या, आणि बाईंना कुठं जायचं असलं की ताई किल्ली घ्यायची.

पिन ब्रेकची होती.

त्या गाडीत ब्रेकचं पेडल आणि ब्रेकचा दांडा पेन्सिलीएवढ्या जाड पोलादी खुंटीनं जोडलेले असतात. खुंटीच्या टोकाला भोक असतं. त्या भोकात पिन घालून तिचे पाय फाकवले की खुंटी सरकू शकत नाही. पिन नसली तरी खुंटी लगेच पडत नाही. पेडल नेहमीसारखं घट्ट लागतं. काल संध्याकाळी मिस्त्रीनं स्वतः गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या होत्या, आणि ब्रेक चोख होते.

त्यानं घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. गाडी आठ चाळीसला निघाली होती. जायचं होतं डोंगरापलीकडं, बाईंच्या आजारी धाकट्या बहिणीकडं. अडतीस किलोमीटर सपाट रस्ता, अकरा किलोमीटर चढ, मग खिंडीचा माथा. माथ्यापलीकडं चौदा किलोमीटर उतार आणि बावीस वळणं.

त्यानं ताईला फोन लावला. फोन बंद होता. तो बंदच असणार, हे त्याला नंबर दाबतानाच माहीत होतं. इंजिन चालू तर फोन बंद, हा ताईचा बसमधला नियम. बाईंकडं मोबाइल नव्हता.

पिन शर्टाच्या खिशात टाकून तो रस्ता ओलांडून धावला.

समोर भावोजींचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. ते पाण्याच्या हौदात एक रेडिएटर बुडवून बुडबुडे बघत होते.

"भावोजी, काल पिन कुठली घातलीत?"

"कसली पिन?"

मिस्त्रीनं शांतपणे विचारलं, "ब्रेकच्या पेडलची. काल मी विचारलं, पिन? तुम्ही म्हणालात, लागली."

"हो, लागली ना!" भावोजींनी उजव्या हाताचं बोट वर केलं. त्यावर चिकटपट्टी होती. "गाडीतल्या गालिच्याची पिन. अर्धा इंच आत गेली. रक्त आलं. आणि तू म्हणालास, मग हात पुसा आणि या बाहेर. म्हटलं, बायकोचा भाऊ आहे, माया तरी कुठून असणार."

मिस्त्रीनं खिशातली पिन काढून त्यांच्यासमोर धरली.

भावोजींना समजायला चार-पाच सेकंद लागले. मग त्यांच्या हातातला रेडिएटर हौदात पडला आणि पाणी दोघांच्या पायांवर उडालं.

"तिचा फोन?"

"बंद."

"चल," भावोजी म्हणाले. दुकानाला कुलूप लावायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

*

काल संध्याकाळी घडलं ते असं.

हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी त्याच्या पितळी नळ्यांतून फिरतं, मागून पंखा हवा फेकतो आणि गाडीत ऊब येते. बाईंच्या गाडीतला हा छोटा रेडिएटर अकरा वर्षांपूर्वी फुटला होता. गाडीत गोडसर वास येऊ लागला, बाईंच्या पायाखालचा गालिचा ओला राहू लागला, काचेवर आतून चिकट धुकं धरू लागलं. तेव्हा मिस्त्रीनं त्याच्याकडं जाणारे दोन रबरी पाइप इंजिनातच एकमेकांना जोडून टाकले आणि हीटर बंद केला. तसा नवा भाग कुठं मिळत नव्हता. "पुढच्या हिवाळ्यात बघू," असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा.

या वर्षी बाईंनी ऐकलं नाही. "धाकटीला भेटायला मी याच गाडीनं जाणार," त्या म्हणाल्या. "ती याच गाडीत चालवायला शिकली. आणि या वेळी माझे पाय बर्फ होता कामा नयेत. अकरा वर्षं तू मला पुढच्या वर्गात ढकलतोयस, मिस्त्री."

"त्या गाडीचा हीटर काढणं म्हणजे बाळंतपण आहे, बाई."

"मग कर. सुईणीला बोलाव."

सुईण म्हणजे भावोजी. डॅशबोर्ड उतरवला, हीटरची पेटी बाहेर काढली. पेटी निघायला पेडलची चौकट आड येत होती, म्हणून तीही सोडली, आणि त्यासाठी ब्रेकची खुंटी काढावी लागली. भावोजींनी फुटका रेडिएटर दुकानात नेला, उकळला, सडलेल्या सात नळ्या बदलल्या, एकेका सांध्याला डाख दिला, हवा भरून हौदात बुडवला. एक बुडबुडा आला नाही. काम सुरेख झालं होतं.

परत बसवताना मिस्त्रीनं खुंटी घातली, पण पिन ठेवली. पेटीचे नट आवळताना चौकट केसभर सरकते, म्हणून पिन सगळ्यात शेवटी. नट आवळायचं काम भावोजींनी मागून घेतलं. ते डॅशबोर्डखाली उताणे पडले होते. मिस्त्री पुढं, इंजिनच्या बाजूला, रबरी पाइप बसवत होता. दोघांच्या मध्ये लोखंडी पत्रा, आणि भावोजींनी आत्ताच जोडून पाहिलेला पंखा अकरा वर्षांनी घरघरत होता.

मिस्त्री पत्र्यापलीकडून ओरडला, "पेटी बसली की पिन लावून टाका, झाकणात ठेवलीय." हे भावोजींनी ऐकलं नाही.

काही वेळानं त्यानं विचारलं, "पिन?"

तेवढं ऐकू गेलं. त्याच क्षणी त्यांच्या बोटात गालिच्याची पिन घुसली होती, आणि मेहुण्याला ते कळलं याचं त्यांना बरंच वाटलं.

"लागली रे! चांगलीच लागली!"

मिस्त्रीनं समाधानानं मान हलवली.

एरवी तो टॉर्च घेऊन आत वाकला असता आणि स्वतःच्या बोटानं पिनेचे पाय चाचपले असते. प्रत्येक गाडीत चाचपायचा. काल चाचपले नाहीत. बारा वर्षांपूर्वी त्यानं भावोजींचं काम त्यांच्यादेखत तपासलं होतं, तेव्हा दोन्ही घरांचं येणंजाणं सहा महिने बंद पडलं होतं. थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांनी लागली म्हटलं म्हणजे लागली.

*

व्हॅन नऊ वीसला निघाली. मिस्त्री चालवत होता. भावोजी एका हातानं दरवाजाच्या वरची कडी धरून दुसऱ्या हातानं फोन लावत होते.

"ती किती वेगानं चालवेल?" मिस्त्रीनं विचारलं.

"चाळीस. फार तर पंचेचाळीस. बाईंना सोसत नाही."

मिस्त्रीनं डोक्यात हिशेब केला. हिरवी गाडी दहाला एक-दोन मिनिटं कमी असताना माथ्यावर पोचेल. व्हॅन जीव खाऊन पळवली तर दहा वाजून सात-आठ मिनिटांनी. फरक नऊ मिनिटांचा. उतारावर नऊ मिनिटांत सात वळणं होतात.

"पण माथ्याच्या अलीकडं थांबतील ना," भावोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. "खिंडीच्या हॉटेलात. दरवेळी थांबतात. अर्धा तास चहा पितात, शेगडीपाशी बाईंचे पाय शेकतात. अर्धा तास, मेहुण्या! आपण आरामात..."

ते मध्येच थांबले. मिस्त्रीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"या वेळी पाय गार पडणार नाहीत," भावोजी हळू म्हणाले.

"नाही."

"मीच म्हणालो होतो तिला निघताना. आता कुठं थांबायला नको, थेट पलीकडं उतरा."

"मीही म्हणालो."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांवर पांढरं दव गोठलेलं होतं. समोर ट्रक आला की मिस्त्री मागून दिवे मारायचा, जागा मिळाली की शेजारून घुसायचा. एकदा समोरून बस आली आणि व्हॅनची डावी चाकं मातीत उतरली. भावोजी ओरडले नाहीत. एरवी ते गाडी साठवर गेली तरी ओरडत.

त्यांनी महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अपघात कुठं झाला आहे?" पलीकडून एका बाईनं विचारलं.

"झालेला नाही. होणार आहे. हिरवी जुनी गाडी. तिचे ब्रेक जाणार आहेत."

"तुम्ही त्या गाडीत आहात का?"

"नाही, मागं आहोत. बरेच मागं."

"मग ब्रेक जाणार हे तुम्हाला कसं कळलं?"

भावोजींनी मिस्त्रीकडं पाहिलं. "आम्हीच दुरुस्त केली आहे," ते म्हणाले.

मग त्या बाईनं गाडीचा नंबर लिहून घेतला आणि सांगितलं की सगळ्यात जवळची गस्तीची गाडी डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याशी आहे. वर यायला तिला चाळीस मिनिटं लागतील.

"खालून थांबवता येईल का?" भावोजींनी विचारलं.

"खाली पोचली तर थांबवू," ती म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी भावोजींनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

नऊ अडतीसला मिस्त्रीला घाटाच्या पायथ्याचा पेट्रोल पंप आठवला. तिथल्या पंक्चरवाल्याला तो जुने टायर देत असे. नंबर होता. पंक्चरवाल्यानं दुसऱ्याच घंटेला उचलला.

"हिरवी, जुनी? आत्ता गेली की. हे काय, वळणाआड होतेय. ताईंनी हात केला मला."

"पळ! अडव तिला!"

"अहो, मी काय हरीण आहे का? गेली. पुढं सगळा चढ." तो हसला. मग पलीकडचा श्वास ऐकून त्याचं हसू थांबलं. "काय झालं, मिस्त्री?"

"मोटारसायकल आहे तुझ्याकडं?"

"मागचं चाक काढलंय."

भावोजींनी फोन कापला.

"ती खुंटी किती वेळ टिकेल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अंदाजे."

"भावोजी, माहीत नाही."

"तू मिस्त्री आहेस ना?"

"म्हणूनच माहीत नाही म्हणतोय."

पण थोडं त्याला माहीत होतं, आणि ते तो सांगत नव्हता. पाय पेडलवर असला की खुंटी दोन्हीकडून आवळलेली राहते. पाय काढला की मोकळी होते. गावातल्या रस्त्यावर ताई सारखी ब्रेक दाबत होती, तोवर खुंटी आवळली जात होती. चढावर ब्रेक कोणी दाबत नाही. चढावर इंजिन थरथरतं आणि प्रत्येक उजव्या वळणात खुंटी डावीकडं, म्हणजे बाहेर, थोडी थोडी सरकते. अकरा किलोमीटर. ताई माथा ओलांडेल, गाडी पुढं झुकेल, आणि जवळजवळ वीस मिनिटांनी ती पहिल्यांदा ब्रेकवर पाय ठेवेल. तेव्हा कळेल.

स्टिअरिंगवरून एकेक हात काढून त्यानं पँटला पुसला.

"ती दुसऱ्या गिअरमध्ये उतरते," भावोजी स्वतःशीच म्हणाले. "ज्या गिअरनं चढलो त्या गिअरनं उतरायचं. मुलांना गाणं शिकवावं तसं मला शिकवायची. दुसऱ्या गिअरमध्ये असली तर हँडब्रेकवर धरता येईल ना?"

"येईल."

"खरं सांग."

"पहिल्या वळणाआधी कळलं तर येईल."

भावोजींनी चिकटपट्टीचं बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरलं. "मी लागली का म्हणालो," ते म्हणाले. "टोचली म्हणायला काय झालं होतं? आई गं म्हणालो असतो. माणूस आई गं म्हणतो."

"मी टॉर्च घ्यायला हवी होती."

"का नाही घेतलीस?"

मिस्त्री पुढच्या ट्रकला दिवे मारत राहिला. भावोजींना कारण आपोआप कळलं असावं, कारण ते खिडकीबाहेर बघू लागले आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

*

घाट नऊ त्रेपन्नला लागला. प्रत्येक वळणावर वरचा रस्ता दिसायचा, आणि दोघं एकाच वेळी वर बघायचे. हिरवं काही नव्हतं. कड्याच्या बाजूला गुडघ्याएवढा दगडी कठडा होता. काही ठिकाणी तो फुटलेला होता आणि तिथं पांढरे रंगवलेले पिंप ठेवले होते. मिस्त्रीनं हा रस्ता शंभर वेळा केला होता. त्या पिंपांकडं त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. आज प्रत्येक पिंपाच्या मागं किती खोल आहे, हे त्याला दिसत होतं.

दहा वाजून सहा मिनिटांनी हॉटेल आलं. समोरचं आवार रिकामं होतं. एक माणूस पायरी झाडत होता.

"हिरवी गाडी थांबली होती?" भावोजींनी काच खाली करून विचारलं.

"थांबली नाही. पुढच्या सीटवरच्या आजींनी हात केला. खुशीत दिसत होत्या."

"कधी?"

"झाली दहा मिनिटं."

मिस्त्रीनं गिअर टाकला. इथून माथा एक किलोमीटर. दहा मिनिटं म्हणजे त्या केव्हाच पलीकडं गेल्या. पहिलं वळण, दुसरं, पाचवं. त्याला आता उतारावरचा कठडा दिसत होता, त्यात एक नवं भगदाड दिसत होतं. ते डोळ्यांपुढून हटावं म्हणून तो समोरच्या डांबरावरच्या भेगा बघत राहिला. शेजारी भावोजी काहीतरी पुटपुटत होते. ताईचं नाव नव्हतं. ते नुसतं "हो, हो, हो," म्हणत होते, कोणाशी तरी काही कबूल करत असल्यासारखं.

शेवटचं वळण संपलं. समोर सरळ चढ, वर माथ्याची पाटी, आणि पाटीच्या शंभर पावलं अलीकडं डोंगराच्या बाजूला, मातीच्या दरडीत नाक खुपसून हिरवी गाडी उभी होती. मागच्या दोन्ही चाकांखाली दगड लावलेले होते.

ताई रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. पायात फक्त मोजे.

व्हॅन थांबण्याआधी भावोजींनी उडी मारली आणि ते पडले. उठले, पुन्हा धावले. बायकोपाशी पोचल्यावर मात्र काय करावं हे त्यांना कळेना. तिच्यासमोर ते नुसते उभे राहिले.

"अहो, गुडघा फुटलाय तुमचा," ताई म्हणाली.

मग तिनं उजवी मूठ उघडली. तळहातावर खुंटी होती.

"ही काय आहे, छोट्या?" तिनं भावाला विचारलं. तिचा आवाज सरळ होता, पण तळहातावरची खुंटी हलत होती.

मिस्त्रीनं खिशातून पिन काढून तिला दाखवली.

"तुमचा हीटर," ताई म्हणाली, "भट्टी आहे. पाय भाजायला लागले. बंद करते म्हटलं, तर बाई म्हणाल्या, राहू दे गं, अकरा वर्षांनी पायांत रक्त आलंय. म्हणून पंपाच्या आधी थांबून बूट काढले. मोज्यांवर चालवत होते. हॉटेल मागं टाकलं आणि टाचेखाली काहीतरी गोल लागलं."

तिनं खुंटी दुसऱ्या हातात घेतली.

"एकदा बसमध्ये एका मुलीची पाण्याची बाटली ब्रेकखाली आली होती. तेव्हापासून पायाशी काही घरंगळलं तर मी पुढं जाऊ शकत नाही. ब्रेक दाबला. नुसता खाली गेला. विहिरीत पाय घातल्यासारखा. चढ होता म्हणून ॲक्सिलरेटर सोडला, पहिला टाकला, हँडब्रेक ओढला, आणि नाक दरडीत घातलं. बूट पायात असते तर मला काही लागलं नसतं." तिनं माथ्याच्या पाटीकडं पाहिलं. "शंभर पावलं राहिली होती रे."

"कोणी लावली नव्हती?" तिनं विचारलं.

"मी," मिस्त्री म्हणाला.

"मी," भावोजी म्हणाले.

गाडीची काच खाली झाली. बाई आतच होत्या, शालीत गुंडाळलेल्या, गालांवर लाली आलेली. इंजिन चालू होतं, कारण त्यांनी ते बंद करू दिलं नव्हतं.

"मिस्त्री, हीटर उत्तम झालाय," त्या म्हणाल्या. "शंभरपैकी नव्वद."

"दहा कुठं गेले, बाई?"

"ब्रेकचे."

बाईंनी काच वर घेतली, आणि काचेवरचा त्यांचा हात बराच वेळ तिथंच राहिला.

*

मिस्त्री डॅशबोर्डखाली उताणा पडला. हीटरची गरम हवा थेट तोंडावर येत होती. खुंटी बसवायला त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. मग पिन घातली, पकडीनं तिचे पाय फाकवले, एक डावीकडं, एक उजवीकडं. बोटानं चाचपले. पुन्हा चाचपले.

"सरक," ताई म्हणाली. तिनं टॉर्च घेतली, आत वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं. मग उठली आणि टॉर्च नवऱ्याच्या हातात दिली.

"मी कशाला? मेहुण्यानं केलंय ना," भावोजी म्हणाले.

"म्हणूनच."

भावोजी वाकले. बराच वेळ ते आत होते. बाहेर आले तेव्हा मिस्त्रीकडं बघून म्हणाले, "बसली आहे. पिन बसली आहे. पाय फाकवलेले आहेत. मी हात लावून पाहिलं." एकेक शब्द त्यांनी वेगळा उच्चारला.

उतारावर गाडी आपण नेतो असं मिस्त्री म्हणाला. ताईनं नकार दिला. "बाईंना मी घेऊन निघाले, मी पोचवते. तू मागून ये. बघ हवं तर."

म्हणून तो मागून निघाला, वीस पावलांचं अंतर ठेवून. त्या गाडीत मागचे लाल दिवे पेडल हललं म्हणून लागत नाहीत. ब्रेकच्या तेलावर दाब आला तरच लागतात. दिवे लागले म्हणजे खुंटी जागेवर आहे. हे त्यानं भावोजींना सांगितलं, आणि मग सांगायला नको होतं असं त्याला वाटलं.

पहिलं वळण.

"लागले," भावोजी म्हणाले.

दुसरं. तिसरं. "लागले. लागले." ते पुढं झुकून काचेला नाक लावून बसले होते. सातव्या वळणाला त्यांनी काहीच म्हटलं नाही. गाडी कठड्याकडं चालली होती, मागचे दिवे विझलेलेच होते. गाडी वळली. ताईनं ते वळण नुसत्या गिअरवर काढलं होतं.

"दाब ना गं," भावोजी काचेशी बोलले. "प्रत्येक वेळी दाब. आम्हाला कळायला नको?"

आठव्याला दिवे लागले. नवव्याला लागले. तेराव्याला पुन्हा नाही, आणि पुन्हा त्या दोन-तीन सेकंदांत मिस्त्रीला तळहातावर हलणारी खुंटी दिसली. शंभर पावलं. त्यानं मोजणं चालू ठेवलं, कारण मोजणं थांबवलं तर काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं.

बाविसावं वळण लांब आणि सोपं होतं. त्यापुढं रस्ता सरळ झाला, दोन्हीकडं झाडं आली, खाली छपरं दिसू लागली. बस रिकामी करून परत निघताना ताई शाळेच्या फाटकापाशी करायची तसं तिनं केलं: ब्रेक तीनदा दाबला.

"लागले," भावोजी म्हणाले. "लागले. ला..."

मिस्त्रीनं तीन मोजले. रस्ता आता सपाट होता. तरी त्याचा पाय व्हॅनच्या ब्रेकवरून निघाला नाही.